मदत हवी आहे: वाळलेल्या मिरचीवर जीएसटी, शेतकऱ्यालाही लागतो का?

राम राम मंडळी, नंदुरबारकडचा आहे, घरची साडेतीन एकर मिरची. ओली लाल मिरची मार्केटला नेली तर टॅक्सचा विषयच नाही, ताजा भाजीपाला म्हणून शून्य. पण यंदा भाव पडला म्हणून आम्ही माल विकला नाही, पथारीवर टाकून वाळवला, बायांकडून देठ खुडून घेतले आणि आता व्यापारी म्हणतो वाळलेली मिरची मसाल्यात येते, ५ टक्के लागतो, तुमचा जीएसटी नंबर द्या नाहीतर रेट कमी धरतो. अरे भाऊ, उन्हात वाळवणं म्हणजे काय प्रोसेसिंग झालं का? दळली नाही, पॅकिंग नाही, नुसतं पाणी उडालं.

मी वाचलं त्याप्रमाणे जीएसटी कायद्याच्या कलम २३ नुसार स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणी लागतच नाही. डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिल मीटिंगमध्ये काळी मिरी आणि बेदाण्याबद्दल तसा खुलासा पण झाला, पण त्यात आपल्या लाल मिरचीचं नाव नाही अन् व्यापारी तेच धरून बसलाय. कापसाला बरं आहे, शेतकऱ्याकडून घेतला की टॅक्स माल घेणारा व्यापारीच भरतो.

खरी अडचण पुढे आहे, काकांचा ७-८ क्विंटल ओला माल पण आम्ही विकत घेऊन सोबतच वाळवलाय. तेवढ्यापुरतं मी शेतकरी का व्यापारी? आणि नोंदणीसाठीची ४० लाख उलाढालीची मर्यादा फक्त त्या मालावर मोजायची का सगळ्यावर? कोणी सीए असेल किंवा कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा, सोमवारी माल उचलायचाय.