मदत हवी आहे: कस्टर आणि 1873 ची यलोस्टोन मोहीम

नमस्कार मंडळी. अमेरिकन घोडदळाचा अधिकारी कस्टर म्हटलं की सगळे थेट 1876 च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईवर येतात, जिथे तो मारला गेला. मला त्याआधीचा, 1873 चा उन्हाळा समजून घ्यायचाय. यलोस्टोन नदीच्या खोऱ्यात नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या मार्गाची पाहणी चालू होती, बंदोबस्ताला कस्टरचं सातवं घोडदळ. पाहणीचा प्रमुख इंजिनिअर रॉसर म्हणजे कस्टरचा वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतला मित्र आणि अमेरिकन यादवी युद्धातला शत्रू! 4 ऑगस्टला लकोटांनी (तिथले मूळ रहिवासी, सू लोकांची एक शाखा) मोजके घोडेस्वार पुढे काढून कस्टरला झाडीकडे ओढायचा डाव टाकला.

अमेरिकन सरकार आणि लकोटा यांच्यातल्या 1868 च्या लॅरमी करारात राखीव प्रदेशाबाहेरच्या रेल्वेला विरोध न करण्याचं कलम आहे, पण लकोटा नेता सिटिंग बुलने त्यावर सहीच केली नव्हती. यलोस्टोन खोऱ्याबद्दल लकोटांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून कुठे वाचायला मिळेल? लष्करी अहवाल नकोत, लकोटांच्या बाजूच्या आठवणी हव्यात.