मिनेसोटात पॉपॉ लावायचंय, जगेल का?

अंगणवेडी:
नमस्कार मंडळी, आम्ही मिनियापोलिसजवळ राहतो, हिवाळ्यातल्या थंडीप्रमाणे भाग पाडलेल्या यूएसडीएच्या नवीन मॅपप्रमाणे झोन ५ए. मागच्या सप्टेंबरात ओहायोला मैत्रिणीकडे पॉपॉ खाल्लं आणि वेडच लागलं, सीताफळाच्या कुळातलं आहे म्हणे, पण गर एकदम कस्टर्डसारखा, चमच्याने खायचा, थोडा केळं थोडा आंबा असा वास. आता बॅकयार्डात लावायचा विचार आहे पण इकडे उणे २५ सेल्सिअस सहज जातं. झाड जगेल का? आणि बी लावू की कलम? मैत्रिणीने बिया दिल्यात त्या खिडकीत वाळत ठेवल्यात.

ओहायोकर:
त्या बिया आधी खिडकीतून उचला!! पॉपॉचं बी वाळलं की मेलं. अजून ओलसर असतील तर ओल्या मॉसमध्ये (शेवाळात) गुंडाळून झिपलॉकमध्ये घालून फ्रिजमध्ये तीनेक महिने ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. थंडी मिळाल्याशिवाय उगवतच नाही, आणि उगवलं तरी आधी सोटमूळ खाली जातं, वर कोंब यायला बराच वेळ लागतो, तेव्हा मेलं समजून फेकू नका. कुंडी खोल घ्या. बीवरच्या झाडाला फळ धरायला ५ ते ८ वर्षं, कलमाला ३-४. मी तुमच्या जागी असतो तर कलमच घेतलं असतं.

बर्फाळ_बागायत:
आम्ही विस्कॉन्सिनला. थंडीची काळजी सोडा, सुप्तावस्थेत मोठं झाड तेवढं सहन करतं. खरी गोची उन्हाळ्याची आहे. फळ पिकायला साधारण १५०-१६० दिवस फ्रॉस्ट (हिमकडाका) नसलेले लागतात, वर भरपूर उष्णता, आणि तुमच्याकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच फ्रॉस्ट येऊन बसतो. मग झाड हिरवंगार, फळं लटकलेली आणि सगळी कच्ची, आणि दगडासारखी कच्ची तोडली तर घरात पिकतही नाहीत, आंब्यासारखी अढी घालून उपयोग नाही. म्हणून लवकर येणारी जात घ्या, पेन्सिल्व्हेनिया गोल्डन किंवा एनसी-१. सस्क्वेहॅना चवीला राजा पण तुमच्याकडे उशिरा पडेल. जागा घराच्या दक्षिण भिंतीला लागून, रात्री भिंत ऊब सोडते. वसंतातच लावा, फॉलमध्ये (पानगळीच्या दिवसांत) अजिबात नको.

अंगणवेडी:
अरे देवा, बिया आत्ताच फ्रिजमध्ये टाकल्या, बघू. दक्षिणेला कडक ऊन असतं, चालेल? आणि एकच झाड पुरेल ना, जागा कमी आहे.

ओहायोकर:
एक नाही पुरत, दोन वेगळ्या जातीची हवीत. एकाच जातीची दोन कलमं म्हणजे जनुकांच्या हिशेबाने एकच झाड. फूल मरून रंगाचं, खाली तोंड करून लटकणारं, त्यावर मधमाश्या फिरकत नाहीत, माश्या आणि किडे येतात. म्हणून काही लोक चक्क झाडाला सडकं मांस टांगतात, शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा :) त्यापेक्षा ब्रश घ्या. ज्या फुलाच्या आतला गोळा तपकिरी आणि सैल झालाय त्यातले पराग घ्यायचे, आणि दुसऱ्या झाडाच्या नुकत्या उमललेल्या, गोळा अजून हिरवा घट्ट असलेल्या फुलाच्या मधोमध चिकट टोकांना लावायचे.
उन्हाचं म्हणाल तर कलम असलं तरी पहिली एक-दोन वर्षं शेडनेट घाला, कोवळं रोप करपतं, नंतर जितकं ऊन तितकी फळं.

ताई_कोल्हापूरची:
खाताना पण जपून हं. सीताफळाच्या बिया आपण चावत नाही तसंच इथे, बिया आणि साल दोन्ही विषारी. काहींना गरानेसुद्धा पोटात मळमळतं, आमच्या ह्यांना झालं होतं. पहिल्यांदा दोन-तीन चमचेच खा. आणि गर वाळवून आंबापोळीसारखी पोळी वगैरे करू नका, त्याने तर बऱ्याच जणांना उलट्या होतात. उरलं तर बिया काढून गर फ्रीझ करा, श्रीखंडात झकास लागतो.

अंगणवेडी:
श्रीखंड!! बरं, ठरलं मग, पेन्सिल्व्हेनिया गोल्डन आणि एनसी-१ एकेक मे महिन्यात. हरणं खूप येतात, जाळी लागेल का?

बर्फाळ_बागायत:
पानं खात नाहीत, वासच उग्र आहे. पण नर हरणं खोडाला शिंगं घासतात, तेव्हा बुंध्याभोवती जाळी हवीच. फळ हाताला किंचित मऊ लागलं की लगेच उतरवा, नाहीतर रॅकून आधी पोचतात.