गणेशोत्सवातलं चित्रप्रदर्शन: 'न वसलेली गावं'

प्रेषक: मेधा (सांस्कृतिक समिती)

सप्रेम नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवात दुसऱ्या दिवशी छोट्या हॉलमध्ये आपली शर्मिला तिची कोळशातली चित्रं आणि नकाशे मांडणार आहे. विषय: ज्यू निर्वासितांसाठी आखलेल्या, पण कधीच न वसलेल्या वसाहती. गेली काही वर्षं ती या जागा फिरून पाहते आहे. मोठ्या हॉलमध्ये त्याच वेळी मुलांच्या नाचाची तालीम आहे, तेव्हा आवाज सांभाळून घ्या. महाप्रसादासाठीची नावं शुक्रवारपर्यंत कळवा.

मेधा

—

प्रेषक: वसंतराव

मेधाताई, शर्मिलाच्या हाताबद्दल शंकाच नाही. गेल्या वर्षीच्या मखराची सगळ्यांनी वाखाणणी केली. पण गणपतीत हा विषय कशाला? एक तर आपला काही संबंध नाही. दुसरं, बातम्यांत काय चाललंय ते सगळे बघतो. हॉलमध्ये वादावादी झाली तर निस्तरणार कोण? आणि तिसरं मनापासून विचारतो. जे झालंच नाही त्याची चित्रं काढायची म्हणजे नेमकं काय काढायचं? रायगड काढा, वेरूळ काढा. तिथे निदान दगड तरी आहेत.

वसंतराव

—

प्रेषक: शर्मिला

काका, दगड इथेही आहे, आणि तोही आपल्याच गावात. बफेलोच्या इतिहास संग्रहालयात एक कोनशिला ठेवली आहे. वर हिब्रूत 'शेमा' या ज्यू प्रार्थनेची ओळ आणि खाली इंग्रजी मजकूर: अरारात, ज्यूंची आश्रयनगरी, संस्थापक मॉर्डेकाई एम. नोहा, सप्टेंबर १८२५. पाहुण्यांना नायगारा दाखवायला नेताना आपण ज्या दोन पुलांवरून गाडी काढतो, त्यांच्या मधल्या ग्रँड आयलंडवर ही नगरी व्हायची होती. एक घरही उभं राहिलं नाही.

नोहा न्यूयॉर्कचा पत्रकार, नाटककार, एके काळी ट्युनिसमधला अमेरिकेचा कॉन्सल. १५ सप्टेंबर १८२५ ला बेटावर सगळ्यांना न्यायला पुरेशा होड्या मिळेनात, म्हणून सोहळा बफेलोतल्या सेंट पॉल्स चर्चमध्ये उरकला. ज्यूंच्या नगरीची कोनशिला ख्रिस्ती वेदीपुढच्या मेजावर! अंगावरचा झगा नाटक कंपनीच्या कपडेपटातून आणलेला, 'तिसरा रिचर्ड'मधला, असं सांगतात. त्याने स्वतःला 'इस्रायलचा गव्हर्नर आणि न्यायाधीश' जाहीर केलं आणि जगभरच्या ज्यूंवर वर्षाला तीन शेकेल चांदीचा कर बसवला. युरोपातल्या रब्बींनी त्याला उडवून लावलं. नाटकी माणूस खराच, पण हिशेब वेडगळ नव्हता. पुढच्याच महिन्यात ईरी कालवा खुला झाला आणि न्यूयॉर्क बंदरातला माल पाण्यावरून थेट इथवर येऊ लागला. जागा त्याने व्यापाऱ्याच्या नजरेने हेरली होती.

माझ्या चित्रात मात्र नोहा कोपऱ्यात आहे. बेटावर हक्क सेनेका या मूळ अमेरिकी लोकांचा. न्यूयॉर्क राज्याने १८१५ मध्ये तो त्यांच्याकडून हजार डॉलर रोख आणि वर्षाला पाचशे डॉलर या बोलीवर लिहून घेतला. १९९३ मध्ये सेनेकांनी बेट परत मिळावं म्हणून दावा लावला, तो ते हरले. आता गंमत बघा. अमेरिकेचे मूळ रहिवासी म्हणजे इस्रायलच्या हरवलेल्या जमाती, असं नोहा मानायचा. म्हणून त्यांनाही त्याने आपल्या नगरीत सामावून घ्यायचं ठरवलं. म्हणजे त्यांना त्यांच्याच बेटावर आमंत्रण.

ऑस्ट्रेलियातलं किंबर्ली असं हसण्यावारी नेता येत नाही. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला बत्तीस देश निर्वासितांचा प्रश्न सोडवायला जमले आणि बहुतेकांनी हात वर केले. पुढच्या मे महिन्यात आयझॅक स्टाइनबर्ग पर्थला पोचले. लेनिनच्या सरकारात काही महिने न्याय खातं सांभाळलेला, आणि तरीही धर्माचे नेमनियम काटेकोर पाळणारा हा माणूस. ज्यूंसाठी वसाहतीची जागा शोधणाऱ्या 'फ्रीलँड लीग'च्या वतीने त्यांना ड्युरॅक घराण्याच्या कंपनीची सुमारे सत्तर लाख एकर जमीन घ्यायची होती. आधी पाच-सहाशे तरुण जाऊन घडी बसवणार आणि मग पंचाहत्तर हजारांपर्यंत निर्वासित येणार. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याचे प्रीमियर (आपल्याकडचे मुख्यमंत्री) विलकॉक राजी झाले. निर्णय केंद्र सरकारच्या हातात होता. १५ जुलै १९४४ ला पंतप्रधान कर्टिन यांनी कळवलं की परकीयांच्या वसाहतींबाबतचं जुनं धोरण सोडता येणार नाही. तारीख पुन्हा वाचा, काका. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत हंगेरीतून सव्वाचार लाखांहून जास्त ज्यूंना गाड्यांत भरून नेलं होतं, बहुतेकांना आउश्वित्झला.

किंबर्लीतल्या कनुनरा गावाला मी कोरड्या ऋतूत गेले. स्टाइनबर्गनीही तो मुलूख त्याच ऋतूत पाहिला. तेव्हा तिथली हवा माणसाला भुरळ घालते. पावसाळ्यात रस्तेच बंद पडतात. ड्युरॅकांच्या आर्गाइल या गुरं राखायच्या ठाण्याची जागा आता धरणाच्या पाण्याखाली आहे. घराचे दगड आधीच उचलून आणून वर पुन्हा रचले, तिथे संग्रहालय आहे. दाराशी बसून भिंतीचं रेखाटन करत होते, तर चिमटीत कोळसा धरवेना इतका घाम. ऑर्ड नदीच्या त्याच पाण्यावर आज आंबा होतो, आणि आपल्या भारतीय चंदनाच्या तर रांगाच्या रांगा आहेत. तेव्हा योजनेला नकार मिळाला तो जमिनीकडून नव्हे.

आणि तिथेही तेच. सगळ्या कागदांत तो मुलूख 'रिकामा'. मिरिउवुंग आणि गाजेरोंग लोक तिथे राहत होतेच. त्या भागातल्या ठाण्यांची गुरं तिथल्या मूळ रहिवाशांच्याच जिवावर राखली जायची, आणि मोबदला बहुतेक ठिकाणी पीठ, चहा, साखर. त्यांना ना ड्युरॅकांनी विचारलं, ना सरकारने, ना स्टाइनबर्गनी. म्हणून न बांधलेली सिनेगॉग मी काढत नाही. योजनेचा नकाशा आहे तसा उतरवते आणि त्यातून वगळलेली माणसं त्यात भरते. ज्यांना कुठेच थारा नव्हता त्यांच्यासाठी जागा शोधताना, जे तिथे आधीच होते ते नजरेआड झाले. मला जी गोष्ट दाखवायची आहे ती एवढीच. दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर त्यातच धरा. यावर वाद झाला तर होऊ दे.

राहिला संबंध. जे.जे.त शिकताना हुसेन, रझा, आरा यांच्याबद्दल वाचत गेले की सारखी तीच नावं भेटायची: टीका लिहिणारे फॉन लायडन, चित्रं विकत घेणारे श्लेसिंजर, तरुणांना घरी बोलावून शिकवणारे लँगहॅमर. सगळे हिटलरमुळे देश सोडून मुंबईत आलेले. ही माणसं आली नसती तर आपल्या चित्रकलेचा इतिहास आज आहे तसा लिहिला गेला नसता.

शर्मिला

—

प्रेषक: हॅनामावशी

वसंतरावांना संबंध हवा आहे ना, मी देते. मी पेणची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आमच्या घरात सणावाराच्या प्रार्थना हिब्रूत आणि भांडणं मराठीत.

शर्मिला, नोहाच्या जाहीरनाम्यात एक कलम आहे, ते तू वाचलं असशीलच. भारत आणि आफ्रिकेतले काळे ज्यू, कोचीनचे, मलबार किनाऱ्यावरचे, या सगळ्यांना अरारातमध्ये समान हक्क. कोकणचं नाव त्यात नाही, बिचाऱ्याला आम्ही माहीत नसणार. त्याच्याही आधी, १७९६ मध्ये, सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं होतं. कुणी योजना आखावी आणि मग आम्ही वसावं, अशी आमच्यावर वेळच आली नाही. नवगावच्या किनाऱ्याला लागलो आणि तेलाचे घाणे चालवत राहिलो. शनिवारी घाणा बंद ठेवायचो, त्यावरून गावाने कधी कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही.

पण ते कलम मला का लागतं ते सांगते. इस्रायल खरोखर झाल्यावर आमचे हजारो लोक तिकडे गेले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने फर्मान काढलं, की बेने इस्रायलांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी पिढ्यांची चौकशी करा. दोन वर्षं निदर्शनं, जेरुसलेमला धरणं, सगळं झालं. १९६४ मध्ये ते मागे घेतलं. नाटकातला झगा घातलेल्या माणसाने जे एका ओळीत देऊन टाकलं होतं, ते खऱ्या राज्यात रस्त्यावर बसून मिळवावं लागलं.

तेव्हा ते कलम मराठीत लिहून चित्राखाली लाव. वादाची काळजी करू नका. मी तिथे खुर्ची टाकून बसते, कोण वाद घालतो ते बघू.

—

प्रेषक: संग्राम

कोल्हापूरकर गप्प कसा बसणार! आमच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची अख्खी छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बायका-मुलंच जास्त. शाळा, चर्च, नाटकं, सगळं. एक भिंत मिळेल का?

—

प्रेषक: ओंकार

शर्मिलाताई, ग्रँड आयलंडवर फोन धरला की स्क्रीनवर इमारती दिसायच्या असा एक प्रोजेक्ट होता ना? तो तुझाच का? तो मांडला तर आमची गँग नक्की येईल. नाहीतर नकाशे बघायला... बघतो.

—

प्रेषक: शर्मिला

मावशी, कलम लावते. कोचीनच्या शेजारी रिकामी जागा सोडते, तिथे नवगाव तुमच्या हस्ताक्षरात.

संग्राम, वळिवडे खरंच वसलं होतं आणि तिथले लोक बहुतेक कॅथलिक होते, त्यामुळे या भिंतीवर नाही. पण पुढच्या वर्षी तू स्वतः मांड, मी फ्रेम करून देते.

ओंकार, तो माझा नाही. मेलिसा शिफ, लुई कॅप्लन आणि जॉन क्रेग फ्रीमन यांचा 'मॅपिंग अरारात'. फोनमधून बघितलं की मोकळ्या गवतावर सिनेगॉग उभं राहायचं. शिवाय त्यांनी त्या नगरीच्या नोटा आणि टपाल तिकिटंही केली होती. काम चोख आहे, पण मला तिथे सेनेका हवे होते. तुझ्या गँगसाठी टास्मानियाचं चित्र आहे. पोर्ट डेव्हीला ज्यू वसाहत होईल का हे पाहायला क्रिचली पार्कर नावाचा तरुण १९४२ मध्ये एकटा रानात उतरला. हवा बिघडली, मदतीसाठी पेटवलेला जाळ कुणाला दिसला नाही आणि तो तिथेच गेला. डायरी सापडली. तो ज्यू नव्हता. बाकी तिथे येऊनच विचार.

—

प्रेषक: वसंतराव

हॅनाबाई खुर्ची टाकून बसणार असतील तर माझी हरकत मागे. कर्टिनचं पत्र मराठीत आणि ठळक अक्षरात लावा, माझ्या वयाच्यांना बारीक दिसत नाही.

एकच शंका. मी पाटबंधारे खात्यात जन्म घालवला. ऑर्डचं मोठं धरण १९७२ चं, म्हणजे १९३९ मध्ये ते नव्हतं. मग कोरड्या महिन्यांत पंचाहत्तर हजार माणसं आणि त्यांची शेती यांना पाणी कुठून देणार होते? स्टाइनबर्गच्या कागदांत तो हिशेब असेल तर आधी मला पाठव, मग भिंतीवर लाव.