हॅवलॉक-नील: ओहोटीची वेळ बघून निघा

मुंबईहून दोघंच पाठीला सॅक लावून अंदमानला निघालोय, हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) आणि नील (आताचं शहीद द्वीप) या बेटांचे किनारे टूरशिवाय फिरता येतील का, असं कुणीतरी विचारलंय. अगदी आरामात! मी आणि नवरा तसेच फिरलो.

फक्त दिवस लवकर सुरू करा. अंदमान मुंबईपासून पूर्वेला जवळपास २० रेखांश लांब, घड्याळ मात्र एकच. त्यामुळे डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दादर चौपाटीच्या हिशेबाने सूर्यास्त बघायला सहाला हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोचलात तर अंधारच. सूर्योदयाला तिथलाच कालापत्थर किनारा.

नीलला मात्र मुक्काम कराच, हे अगदी आग्रहाने सांगतेय. बरेच जण सकाळी येऊन दुपारी परततात आणि ओहोटी चुकते. लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट गाठता येतो. पाणी ओसरलं की खडकांत डबकी उरतात. त्यात काळ्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री प्राणी), खेकडे, बोटाएवढे रंगीत मासे अगदी पायाशी दिसतात. वाट निसरडी आहे, पट्ट्याच्या सँडल घाला. आणि कृपा करून जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका. वाढायला त्याला वर्षानुवर्षं लागतात. प्रवाळ उचलून आणायलाही बंदी आहे.

सरकारी बोट स्वस्त, पण तिकिटं पटापट संपतात. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) परता. रोख पैसेही तिथूनच काढून न्या. नीलला सायकल भाड्याने घ्या, बेट बऱ्यापैकी सपाट आहे.