ब्रिजेट रायलीचे चौकोन : नजरबंदी की चित्रकला?

उभी_रेघ
‘ऑप आर्ट म्हणजे निव्वळ नजरबंदी’ असं परवा एकांनी लिहिलं. (ऑप आर्ट म्हणजे साध्या आकारांतून डोळ्यांना हालचालीचा, खोलीचा भास देणारी चित्रकला.) मला ते अजिबात पटलेलं नाही.

ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीचं 1961चं ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ हे चित्र घ्या. काळेपांढरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. उंची सगळ्यांची सारखी. रुंदी मात्र मध्याच्या थोडं उजवीकडे जाईपर्यंत घटत घटत काडीएवढी उरते आणि मग पुन्हा वाढते. एवढंच! तरी तो सपाट फळा तिथे वहीच्या शिवणीसारखा आत ओढला जातो. जादूगाराची युक्ती कळली की मजा जाते. इथे सगळं माहीत असूनही शिवण दिसतेच.

निळी_शाई
नाही पटत. अमूर्त चित्रकार गायतोंडेंच्या चित्रासमोर माणूस शांत होतो. इथे अर्ध्या मिनिटात नजर वळवावी लागते. 1965 साली न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे ऑप आर्टचं प्रदर्शन भरलं आणि हीच नक्षी कपड्यांवर आली. जे छिटावर खपतं, त्यात नक्षीपलीकडे काय आहे? शिवाय रायलीची पुढची चित्रं रंगवायला मदतनीस होते.

उभी_रेघ
कपड्यांवर ते तिला न विचारता उचललं गेलं आणि तिला त्याचा संताप आला होता, हेही लिहा ना. छीट कुठूनही कापा, नक्षी तीच राहते. या चित्राचं तसं नाही. मी प्रिंट काढून अरुंद भागावर कागदाची पट्टी ठेवली. डावीकडचे चौकोन लगेच निवांत पट झाले. पट्टी उचलली, शिवण परत! म्हणजे काम त्या मापांचं आहे, आणि मापं रायलीची. मदतनीस रंग भरत, पण आधीची अभ्यासचित्रं ती स्वतः करायची. 1959 मध्ये तिने ठिपक्यांनी चित्रं रंगवणाऱ्या फ्रेंच चित्रकार जॉर्ज सराच्या ‘कूर्बव्वाचा पूल’ या चित्राची नक्कल केली होती, ठिपक्याशेजारी ठिपका ठेवला की नजरेत काय घडतं ते शिकायला. याला नजरबंदी म्हणायचं?

मोजपट्टी
नजरबंदीचा आरोप करायचाच तर ऑप आर्टच्याच व्हिक्टर व्हासारेली या चित्रकारावर करा. ‘व्हेगा’ मालिकेत जाळीतून गोळा फुगून बाहेर येतो. एकदा दिसला की माझं तरी बघून होतं. रायलीकडे परत जावंसं वाटतं.

निळी_शाई
पट्टी ठेवून पाहिली. शिवण गेली, मान्य. मापांवरची तिची हुकमत कबूल. पण तिच्या 1963च्या ‘फॉल’मधल्या लाटा बघताना मला आजही मळमळतं, आणि त्या मळमळीला मी रसास्वाद म्हणणार नाही.