जुन्या वस्तीचा पुनर्विकास: राखायचे काय आणि ते ठरवायचे कसे?

प्रश्न: उंबरठा

मी राहतो ती वस्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. दोन-तीन मजली, भिंतीला भिंत लागलेली घरे, बेताच्या रुंदीच्या गल्ल्या, तळमजल्यावर कारागिरांची कामे आणि वर बिऱ्हाडे, असे तिचे साधारण रूप आहे. आता एका विकासकाने सलग आठ घरांच्या जागा एकत्र करून तेथे बारा मजली इमारत बांधण्याचा प्रस्ताव मांडला असून, रस्त्याकडच्या दर्शनी भिंती तशाच ठेवून मागचे सर्व बांधकाम नव्याने केले जाईल, म्हणजे ‘वारसाही जपला जाईल’, असे त्याचे म्हणणे आहे.

रहिवाशांत दोन तट पडले आहेत. कशालाही हात लावू नये, असे एका बाजूला वाटते. जीव मुठीत धरून राहण्यापेक्षा सगळेच पाडावे, असे दुसऱ्या बाजूला वाटते. बैठकीत दोन्हीकडचे लोक ‘वारसा’ हाच शब्द वापरतात, पण एकाच्या मनात नक्षीदार कठडा असतो आणि दुसऱ्याच्या मनात शेजार. अशा वेळी काय राखायचे आणि काय बदलू द्यायचे, हे ठरवण्याची काही रीत आहे का? आणि केवळ दर्शनी भिंत उभी ठेवणे याला जतन म्हणता येईल का?

प्रतिसाद १: गिलावा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो आणि माझ्या क्षेत्रात या प्रकाराकडे कोणी फारशा आदराने पाहत नाही. जिन्याची जागा, खोल्यांची मांडणी, चौकातून येणारा उजेड, हे सर्व काढून उरलेली भिंत म्हणजे नव्या इमारतीने तोंडावर धरलेला मुखवटा होय.

रीतीबद्दल सांगायचे तर, वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तू तिच्या परिसरापासून वेगळी काढता येत नाही, हे तत्त्व मान्य झाले, आणि ऑस्ट्रेलियातील बरा या जुन्या खाणगावात १९७९ मध्ये स्वीकारलेल्या सनदेने त्यापुढची पायरी दाखवली: त्या जागेचे महत्त्व कशात आहे ते आधी शोधून लिहून काढावे, मग धोरण ठरवावे, आणि बदल आवश्यक तेवढाच पण शक्य तितका कमी करावा. ऐकायला हे साधे वाटते, परंतु बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो. नकाशा आधी तयार होतो आणि महत्त्व त्याला साजेसे नंतर लिहिले जाते.

तुमच्या प्रस्तावात मला बारा मजल्यांपेक्षा आठ जागा एकत्र करणे अधिक गंभीर वाटते. उंची लगेच डोळ्यांत भरते म्हणून सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. परंतु जुन्या गल्लीचे चालणे-बोलणे जागांच्या अरुंद रुंदीवर उभे असते. दर काही पावलांवर दार असते, प्रत्येक दाराआड वेगळा मालक, वेगळा धंदा आणि वेगळी वेळ असते. आठ जागा एक झाल्या की आठ दारांच्या ठिकाणी एक फाटक आणि वाहनतळाचा उतार येतो, आणि उरलेल्या लांबीत नुसती भिंत. एकदा गल्लीतून चालत जाऊन दारे मोजा, आणि नंतर प्रस्तावाच्या नकाशावर मोजा. त्या दोन आकड्यांइतके बोलके दुसरे काही मला अजून सापडलेले नाही.

‘इमारत धोकादायक आहे’ या दाव्याबद्दलही एक अनुभव सांगतो. एका घराच्या तळाकडच्या विटा हाताने चोळल्या तरी भुगा होत होत्या, आणि पाडण्यासाठी हाच पुरावा म्हणून दाखवला जात होता. प्रत्यक्षात ती भिंत चुन्यात बांधलेली होती आणि काही वर्षांपूर्वी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुन्यातली भिंत जमिनीतून चढणारी ओल बाहेर टाकत असते. सिमेंटने ती वाट अडली की ओल आत साचते, तिच्यातले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक बनून फुगतात आणि विटेचे पोपडे सुटतात. पुढे भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागतात. सिमेंट खरवडून, काही विटा बदलून, चुन्याने सांधे भरल्यावर ते घर आजही वापरात आहे. प्रत्येक घराचे असेच होईल असे नव्हे. म्हणूनच तपासणी विकासकाने नेमलेल्या नव्हे, स्वतंत्र अभियंत्याकडून आणि घरागणिक व्हावी.

प्रतिसाद २: कडीपाट

वरील प्रतिसादाशी मी बराच सहमत आहे, परंतु पैशाचा विषय त्यात आलाच नाही. माझे स्वतःचे जुने घर आहे. त्याला हात लावायचा नाही असे सांगायला सगळे येतात, मात्र छत गळू लागले की ते एकट्याचे होते. केवळ बंदी घालणारा नियम मालकाला एकच वाट शिल्लक ठेवतो: दुरुस्ती थांबवायची आणि पावसाची वाट पाहायची. इमारत पडली की जतनाचा प्रश्नही मिटतो.

न्यूयॉर्कचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथील पेन्सिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत १९६३ पासून पाडण्यात आली, त्यावर लोकक्षोभ झाला आणि १९६५ मध्ये शहराने वारसा वास्तूंचा कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकावर पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा उभारण्याची परवानगी नाकारली गेली, तेव्हा मालक कंपनी न्यायालयात गेली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात एका गोष्टीला वजन होते: स्थानकाचा चालू वापर मालकाला करता येत होताच, शिवाय न वापरलेले बांधकामाचे हक्क जवळच्या दुसऱ्या जागांवर नेण्याची मुभा त्याला होती. म्हणजे बंदीच्या जोडीला भरपाईची वाट होती.

अर्थात असे दुसऱ्या जागेवर नेता येणारे, म्हणजे हस्तांतरणीय, विकास हक्क ही काही जादू नव्हे. ते हक्क घेणारी, आणि तो भार पेलणारी, जागा आधी ठरलेली असावी लागते. बाजारात असे हक्क मुबलक झाले तर त्यांना भाव राहत नाही. शिवाय हक्क विकून आलेला पैसा त्याच घराच्या दुरुस्तीसाठी वापरण्याची अट नसेल, तर मालक पैसे घेतो आणि छत गळतच राहते. (मालक म्हणून हे लिहिताना थोडा संकोच होतो, पण खरे आहे.)

प्रतिसाद ३: पोटमाळा

दोन्ही प्रतिसादांत भिंती आहेत आणि मालक आहेत. भाडेकरू कोठे आहेत?

इटलीतील बोलोन्या शहराने १९६९ च्या आराखड्यात जुन्या गाभ्यातील घरांची प्रकारांनुसार नोंद केली आणि १९७३ मध्ये सार्वजनिक गृहबांधणीची योजना शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीऐवजी त्या जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी वापरायचे ठरवले. राहणारी माणसे तेथेच राहतील, हा जतनाचाच भाग मानला गेला. योजना ठरवली होती तेवढी पूर्ण झाली नाही, तरी तिने प्रश्न योग्य जागी ठेवला. याच्या उलट मलेशियातील जॉर्ज टाउनमध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा २००० च्या आरंभी संपला, भाडी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी अनेक कुटुंबे बाहेर पडली. २००८ मध्ये तो भाग जागतिक वारसा यादीत आला, आणि त्यानंतर कितीतरी घरांची हॉटेले झाली. लाकूडकाम उत्तम राखलेले आहे. पण रात्री त्या खिडकीत दिवा लावणारा माणूस पाहुणा असतो.

म्हणून उंबरठा यांना माझी विनंती आहे की घरांच्या यादीबरोबरच, कोण किती वर्षे राहतो, कोणत्या हक्काने राहतो आणि कामाच्या काळात कोठे जाईल, अशीही यादी करावी. ‘नंतर परत या’ हे आश्वासन तोंडी असेल, तर ते आश्वासनच नव्हे.

प्रतिसाद ४: नवा मजला

थोडा विरोधी सूर लावतो. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध माणसाला अरुंद जिना म्हणजे वारसा नसतो, कैद असते. उद्वाहन (लिफ्ट), आगीपासून सुटकेची वाट आणि घरात स्वच्छतागृह या मागण्यांना सौंदर्याच्या नावाखाली नकार देणे मला योग्य वाटत नाही. मानमरातबाचेही फार ओझे घेऊ नये. ड्रेस्डेनच्या नागरिकांनी २००५ मध्ये मतदान करून एल्ब नदीवर नवा पूल मागितला. त्यापायी २००९ मध्ये त्या नदीखोऱ्याचे नाव जागतिक वारसा यादीतून वगळले गेले, तरी पूल झाला. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद होऊ शकतो. परंतु निर्णय तेथे राहणाऱ्यांनी घेतला.

मात्र अधिक घरे हवीत म्हणजे बारा मजले हवेत, हा हिशेबही मला पटत नाही. पॅरिसचा बराचसा भाग सहा-सात मजल्यांचा आहे आणि तरीही ते युरोपातील सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एक आहे. जुन्या जागांच्या रेषा न मोडता, मागच्या बाजूला दोन मजले चढवून किती घरे निघतात, हे विकासकाला विचारले आहे का?

उंबरठा:

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी आम्ही तिघांनी दारे मोजली. प्रस्तावातील आठ घरांना रस्त्याकडे एकोणीस दारे आहेत. नकाशात दोन आहेत, त्यांतले एक वाहनांसाठी. बैठकीत हे आकडे सांगितल्यावर ‘पाडा’ म्हणणारेही काही वेळ गप्प झाले.

आठांपैकी कोपऱ्यावरच्या घराची मधली तुळई वाळवीने पोखरली आहे आणि मागची भिंत बाहेर कलली आहे, हे आम्हा सर्वांना आता मान्य आहे. तेथे नवे बांधकाम व्हावे, पण त्याच जागेच्या रुंदीत, आणि जिन्याबरोबर उद्वाहन असे ठेवावे की भिंत फोडून शेजारच्या दोन घरांनाही ते वापरता येईल, असा तोडगा पुढे आला आहे. उरलेल्या सात घरांची स्वतंत्र तपासणी आणि भाडेकरूंची यादी झाल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करायची नाही, असे ठरले. नवा मजला यांचा प्रश्न विकासकाला लेखी विचारला आहे. अडचण एकच उरली आहे: शेजारचे दोन मालक सामाईक उद्वाहनाच्या देखभालीचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटावा यावर अडून बसले आहेत. कोणी अशी सामाईक व्यवस्था प्रत्यक्ष चालवली असेल तर करारात काय लिहिले होते, ते कृपया सांगावे.