मदत हवी आहे: बाळाची दुधाची बाटली आणि मायक्रोप्लास्टिक

नमस्कार मंडळी. भाची पाच महिन्यांची आहे, नुकतंच वरचं दूध सुरू झालंय. बाटल्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या. माझी आई कढत पाणी थेट बाटलीत ओतते, पावडर घालते आणि खळाखळा हलवते.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या २०२० च्या अभ्यासात अशा बाटल्यांतून लिटरमागे १.६ कोटीपर्यंत मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे सूक्ष्म कण, सुटलेले आढळले. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तातही प्लास्टिक सापडलं. बाळांना त्याने नेमका काय अपाय होतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही, म्हणून घबराट नाही. पण टाळता येईल ते टाळावं ना?

निर्जंतुक तर करायलाच हवं. मग दूध स्टीलच्या भांड्यात कालवून, कोमट झाल्यावर बाटलीत भरलं तर चालेल का? काचेची किंवा स्टीलची बाटली कुणी रोज वापरतं का? स्टीलमध्ये दूध किती उरलं ते कसं कळतं? आई म्हणते, "सरळ चांदीचं बोंडलं काढते." (बोंडल्याने रात्री दोन वाजता कोण पाजणार, ते मात्र सांगत नाही!)

अनुभव असलेल्यांनी, विशेषतः बालरोगतज्ज्ञांनी, कृपया सांगा.